समजून घ्या : पुण्याच्या गेमला ग्रीक संगीतकार, खान्देशची पावरी कुठे?

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ २०२० मध्ये आला. गोष्ट प्राचीन भारतातली; संगीतकार मात्र ग्रीसचे लिनोस त्झेलोस.

गेमचं संगीत वेगळं कसं?
चित्रपटात प्रसंगाची लांबी ठरलेली असते. गेममध्ये खेळाडू कुठे किती रेंगाळेल, हे माहीत नसतं. म्हणून अनेक गेममध्ये वाद्यांचे थर वेगळे ठेवतात. शत्रू दिसताच सॉफ्टवेअर ढोल चढवतं.

खान्देशचा संबंध काय?
तयार ध्वनिसंग्रहांत सतार, तबला सहज मिळतात. साक्री परिसरात डोंगऱ्या देवाच्या उत्सवात वाजणारी पावरी, जळगाव-धुळ्याची कानबाईची गाणी गेममध्ये यायची तर आधी नीट रेकॉर्ड व्हायला हवीत. सोबत कलाकाराचं नाव आणि मानधनाचा करारही हवा. नाहीतर सूर जगभर पोहोचेल, वाजवणारा मात्र अनोळखीच राहील.