पॅरिसचे बारा, गोलाईचे सोळा

सुरुवातीलाच कबूल करते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे 'मराठी विभागासाठी काहीतरी लिही' असं फर्मान आलं तेव्हा मी आधी 'इंग्लिश सेक्शनला दिलं तर चालेल का?' असं विचारलं होतं. 'तिकडं गर्दी आहे' असं उत्तर मिळालं. तर मंडळी, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. मुद्दा मात्र माझा स्वतःचा आहे, आणि त्यावर भांडायला मी रोज रात्री आठ वाजता मेसमध्ये सापडते.

माझा मावसभाऊ लातूरचा. आम्ही त्याला दादा म्हणतो. सध्या जर्मनीत एम.एस. करतोय. सुट्टीत पाठीवर सॅक टाकून तो एकटाच पॅरिस, बार्सिलोना, रोम, व्हेनिस असं फिरून आला आणि पुढं पंधरा दिवस आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता. स्टेशनवर टॉयलेटला जायचं तर एक युरो! हॉटेलात साधं पाणी मागितलं तर बाटली आली आणि बिलात ती बिअरपेक्षा महाग! स्पेनमध्ये भर दुपारी दुकानांना कुलूप, जर्मनीत रविवारी दूध-ब्रेडसाठीसुद्धा वणवण. व्हेनिसमध्ये तर २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी नुसतं शहरात शिरायचे पाच युरो घेतात. आम्ही सगळे हसून लोळलो. आई म्हणाली, "किती मजा असते नाही तिकडं!"

आणि तिथंच माझी ट्यूब पेटली. हीच आई एखाद्या स्टँडवर टॉयलेटचे पाच रुपये मागितले की म्हणते, "काय मेलं हे गाव!" दुपारी दुकान बंद दिसलं की आपण म्हणतो, इथले लोकच आळशी. म्हणजे तिकडची गैरसोय झाली की तो 'अनुभव', आणि इकडची झाली की ते 'मागासलेपण'. तिकडच्या शहरावर आपण प्रेमाने हसतो, इकडच्यावर नाक मुरडून. हसणं तेच, पण एकात गंमत आहे आणि दुसऱ्यात हेटाळणी. माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या गावांना कधी गंमत म्हणून बघितलंच गेलं नाही. मी तरी नव्हतं बघितलं.

माझी रूममेट नांदेडची. आम्ही ठरवलं, दोन दिवस, प्रत्येकी एक सॅक. पहिल्या दिवशी तिच्या गावात मी टूरिस्ट, दुसऱ्या दिवशी माझ्या गावात ती. रेक्टर मॅडमना अर्ज दिला, कारण : पर्यटन. कुठं? नांदेड व लातूर. मॅडमनी अर्ज दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "अगं, पण तुम्ही तर इथल्याच!" सही केली, पण संशयानेच.

नांदेडात मी तीन वर्षं राहतेय. हुजूर साहिबला एकदाच गेले होते, अ‍ॅडमिशनच्या वेळी, बाबांबरोबर, घाईत. या वेळी डोक्याला केशरी रुमाल बांधून सकाळपासून दुपारपर्यंत तिथंच. आजूबाजूच्या दुकानांवर गुरुमुखी पाट्या, ऑटोवाला पॅसेंजरशी पंजाबीत आणि मोबाइलवर बायकोशी अस्सल मराठीत : "यायलो गं, दोन भाडे मारून यायलो." गुरू गोविंदसिंगजींचं निर्वाण १७०८ साली इथंच झालं, एवढं शाळेत पाठ केलं होतं. पण आत्ताची वास्तू महाराजा रणजितसिंहांनी १८३२ ते १८३७ मध्ये बांधून घेतली हे त्या दिवशी कळलं. दादा ज्याच्यापुढं फोटो काढून आला ती पॅरिसची कमान, आर्क द त्रिऑम्फ, पूर्ण झाली १८३६ साली. म्हणजे दोन्ही एका वयाच्या! (रणजितसिंहांच्या फौजेत नेपोलियनकडचे जुने अधिकारी नोकरीला होते, हे आणखी एक. आमच्या इतिहासाच्या मिस ह्या गोष्टी अशा एकत्र का सांगत नव्हत्या कोण जाणे.)

लंगरमध्ये जेवलो आणि मग लाज वाटून पोळ्या लाटायला बसलो. माझी पोळी श्रीलंकेसारखी झाली. शेजारी जालंधरकडच्या एक आजी होत्या. सचखंड एक्सप्रेसने सुमारे दोन हजार किलोमीटर प्रवास करून आलेल्या. युरोपात ज्याला बॅकपॅकर म्हणतात तो ह्यांच्यापेक्षा वेगळा काय असतो? एक पिशवी, एक पांघरूण, मिळेल तिथं पाठ टेकायची. फरक एवढाच की ह्यांना जेवण फुकट मिळतं आणि कुणी ब्लॉग लिहायला सांगत नाही. त्यांनी मला हिंदीत विचारलं, बेटा कुठून आलीस? म्हटलं, इथूनच, हॉस्टेलवरून. त्या लाटणं थांबवून माझ्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे तू रोज इथं असतेस?" त्यांना माझा हेवा वाटला होता. मला 'नाही हो आजी, एकदाच आलेय तीन वर्षांत' असं सांगायचा धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी लाल डब्यातून लातूर. रेल्वेने जायचं तर पूर्णा, परभणी, परळी करत मोठा वळसा, आणि वर 'लातूर रोड' नावाची फसवणूक. ते स्टेशन लातूरपासून तीसेक किलोमीटर लांब आहे. आमच्याच हॉस्टेलमधल्या एकीचे बाबा रात्री तिथं लातूर समजून उतरले होते. पण दादा म्हणतो, युरोपात स्वस्त विमानं 'पॅरिस' म्हणून जिथं उतरवतात ते बोव्हे पॅरिसपासून ऐंशी किलोमीटर, आणि फ्रँकफर्टचं हान त्याहून लांब, सव्वाशेच्या घरात. लातूर रोड प्रामाणिक म्हणायचं! तिकिटाचं तर बोलूच नका. तिकडच्या इंटररेल पासावर तरुणांना सवलत असते म्हणून दादा फुशारक्या मारत होता. आम्हाला मार्च २०२३ पासून एस.टी.त अर्धं तिकीट आहे, वयाचा दाखला न देता. कंडक्टर काकांनी दोन्ही सॅक बघून विचारलं, "कुठं ट्रेकिंगला जायलाव का?" लातूरला म्हटल्यावर ते हसतच पुढं गेले. लोह्याच्या पुढं माळेगाव लागलं. मार्गशीर्षातल्या खंडोबाच्या जत्रेत इथं घोडे, गाढवं, उंट सगळं विकायला येतं. आम्ही गेलो तेव्हा माळ रिकामा होता आणि एकच कुत्रं झोपलं होतं.

लातूरला पोचलो आणि रूममेटने गंजगोलाईत उभी राहून मला प्रश्न टाकला, "इथं रस्ते किती मिळतात?"

पॅरिसच्या कमानीपाशी बारा रस्ते मिळतात, हे मला चौथीपासून माहीत आहे. क्विझच्या पुस्तकात होतं, त्यावर मला कपसुद्धा मिळालाय. गोलाईत माझा जन्म गेला म्हटलं तरी चालेल. दिवाळीचे कपडे कापड लाइनीत, बहिणीच्या लग्नाचं मंगळसूत्र सराफ लाइनीत. आणि मला सांगता येईना! मग आम्ही दोघी मधल्या गोल इमारतीला प्रदक्षिणा घालत मोजत सुटलो. एकदा पंधरा भरले, एकदा सतरा. हातगाड्यांमुळे एक बोळ दिसतच नव्हता. शेवटी एका चपलांच्या दुकानातले आजोबा वैतागून म्हणाले, "काय शोधायलाव पोरींनो?" सांगितलं. "सोळा हाईत. फैयाजुद्दीनसाहेबांनी आखलेत. ही इमारत १९१७ची." मध्ये अंबाबाईचं देऊळ, भोवती दुमजली गोल बाजार, आणि सोळा रस्त्यांवर सोन्यापासून मिरचीपर्यंत सगळं. पॅरिसपेक्षा चार जास्त. आणि मी मात्र बारावर कप घेऊन बसले होते.

आता एक गोष्ट, जिच्यात गंमत नाही. फर्स्ट इयरला माझं टोपणनाव 'जलदूत' होतं. का, ते तुम्हाला माहीत आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून लातूरला रेल्वेने पाणी आलं होतं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याआधी मार्चमध्येच पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. मी पाचवीत होते. मी आणि दादा टँकरपुढं घागर घेऊन उभे राहायचो. ह्याला कुणी 'अनुभव' म्हणू नये, माझ्या लेखाच्या नावाखाली तर नाहीच. पण ज्या गोष्टीने एक अख्खं शहर रडकुंडीला आलं, तिचं तीन वर्षं टोपणनाव करून हसायचं, हेही मला पटत नव्हतं. हसत मीच होते, सगळ्यांबरोबर.

रात्री आमच्याकडे मुक्काम. नळाला पाणी येतं, तरी आई अजून सगळी भांडी भरून ठेवते, अगदी कुकरसुद्धा. जेवताना रूममेटने अर्धा ग्लास पाणी प्यायलं आणि उरलेलं सवयीने बेसिनमध्ये ओतलं. आई काही बोलली नाही. पुढच्या वेळी फक्त ग्लास अर्धाच भरून दिला. रूममेट ग्लासाकडे बघत बसली. त्या दिवसापासून तिने मला जलदूत म्हटलेलं नाही.

दादाने रोमचा एक किस्सा सगळ्यांसमोर सांगितला नव्हता, नंतर फोनवर मला एकटीला सांगितला. रोममध्ये रस्तोरस्ती पिण्याच्या पाण्याचे लोखंडी नळ आहेत, अडीचेक हजार. पाणी चोवीस तास वाहत असतं, फुकट, आणि चांगलं. (२०१७च्या दुष्काळात रोमलाही ते टप्प्याटप्प्याने बंद करायला घ्यावे लागले होते.) दादा बाटली भरून झाल्यावर तिथंच उभा राहिला. मागच्या बाईंनी खुणेने विचारलं, काय झालं? तो नळाची तोटी शोधत होता, बंद करायला.

डिसेंबरमध्ये तो येतोय. 'इकडं दोन दिवसांत काय बघण्यासारखं आहे?' असं त्याने विचारलंय. मी यादी पाठवली आहे : केशरी रुमाल, रिकामी बाटली, चालायचे बूट. लातूर रोडला उतरायचं नाही. गोलाईचे रस्ते स्वतः मोजायचे, आजोबांना विचारायचं नाही. अर्धं तिकीट मात्र त्याला मिळणार नाही.