प्रतिकारशक्ती हवी, पण लगामासह

'प्रतिकारशक्ती वाढवा' हा मंत्र हल्ली घरोघरी ऐकू येतो. सर्दी झाली की काढा, अशक्तपणा आला की टॉनिक. परंतु प्रतिकार जितका जोरदार तितका बरा, हा समज मेंदूच्या बाबतीत खरा नाही. क्षयाचा मेंदूज्वर हे त्याचे ढळढळीत उदाहरण होय.

मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पहारेकरी पेशी असतात. त्यांच्यावर 'टोल-सदृश ग्राही' असतात. जंतूच्या आवरणाचा अंश या ग्राहींना चिकटला की पेशीला धोक्याचा इशारा मिळतो, टीएनएफसारखी रसायने सुटतात आणि दाह सुरू होतो. 'टोल' जनुक फळमाशीचे बुरशीपासून रक्षण करते, हे ज्यूल्स हॉफमन यांनी १९९६ साली दाखवले. उंदरातील तसाच ग्राही ब्रूस ब्यूटलर यांनी १९९८ साली ओळखला. २०११ च्या नोबेल पारितोषिकात दोघांचा वाटा होता.

पायाला गळू झाले तर सूज बाहेर फुगते. कवटीत मात्र सुजेला जागाच नाही. दाहामुळे मेंदूतले पाणी तुंबते, रक्तवाहिन्या अरुंद होतात, अर्धांगवायू होतो. म्हणजे जंतूंबरोबर आपलाच पहारेकरी घराची मोडतोड करतो!

म्हणून क्षयाच्या औषधांबरोबर डॉक्टर सुरुवातीचे काही आठवडे स्टिरॉइड देतात. ते पेशीतील वेगळ्या ग्राहीला चिकटून दाहाला लगाम घालते. व्हिएतनाममध्ये ५४५ रुग्णांवर केलेल्या व २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्टिरॉइडमुळे मृत्यूचे प्रमाण सुमारे ४१ टक्क्यांवरून ३२ टक्क्यांवर आले. मात्र वाचलेल्यांचे अपंगत्व ठळकपणे कमी झाले नाही. एचआयव्हीबाधितांमध्ये तर २०२३ च्या अभ्यासात स्टिरॉइडचा फायदा दिसला नाही. तेव्हा ते कोणाला व किती द्यायचे, हे डॉक्टरांनीच ठरवावे. 'स्टिरॉइड वाईट' असे ऐकून घरच्यांनी ते परस्पर बंद करू नये.

यातून एकच गोष्ट ठसते, ती म्हणजे वेळ. आठवडाभर ताप, न थांबणारी डोकेदुखी, उलट्या, मान ताठणे, बडबड किंवा गुंगी अशी लक्षणे दिसली तर अंगारेधुपारे आणि सलाईन यांत दिवस घालवू नका. पाठीतले पाणी काढून तपासावे लागते. 'त्याने माणूस लुळा होतो' ही भीती अनाठायी आहे. मज्जारज्जू जिथे संपतो, त्याच्या खाली सुई घालतात. लुळेपणा येतो तो रोगाने, आणि दोष मात्र सुईला लागतो!

क्षयाची औषधे सरकारी कार्यक्रमात मोफत आहेत. या आजारात ती साधारण वर्षभर घ्यावी लागतात. बाळाला जन्मताच बीसीजी टोचून घ्यावी, कारण लहान मुलांना या मेंदूज्वरापासून ती चांगले संरक्षण देते. टॉनिकच्या बाटलीवर खर्च करण्यापूर्वी एवढे केले, तरी पुष्कळ झाले.