ज्ञानाची सामाईक पेढी

शास्त्रज्ञांच्या परिषदा दरवर्षी भरतात. निबंध वाचले जातात, चर्चा होते, सामुदायिक छायाचित्र निघते आणि मंडळी आपापल्या प्रयोगशाळांकडे परततात. पुढच्या पिढीने नाव घ्यावे अशा परिषदा त्यांत थोड्याच. जून १९७१ मध्ये अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातील लाँग आयलंड बेटावर, कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे भरलेली प्रथिनांच्या रचनेवरील परिषद ही त्यांपैकी एक होय. एवढ्या श्रमाने हाती आलेले ज्ञान कोणाचे मानावयाचे, हा प्रश्न त्या सुमारास या शास्त्रापुढे उभा होता. त्याचे उत्तर शोधण्यास तेथे जमलेल्या मंडळींनी आरंभ केला.

प्रथिने म्हटली की आपल्याला डाळ आणि दूध आठवते. परंतु रक्तातून प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन, साखरेचे नियमन करणारे इन्सुलिन आणि अन्न पचविणारा पेप्सिन हीदेखील प्रथिनेच आहेत. प्रत्येक प्रथिन म्हणजे शेकडो किंवा हजारो अणूंची, विशिष्ट घडी पडलेली साखळी. किल्लीच्या दात्यांवरून ती कोणते कुलूप उघडील हे ठरते, त्याचप्रमाणे प्रथिनाच्या आकारावरून त्याचे कार्य ठरते. हा आकार साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही, कारण दृश्य प्रकाशाच्या लहरींची लांबी अणूंमधील अंतराच्या हजारो पटींनी मोठी असते. क्ष-किरणांच्या लहरी मात्र त्या अंतराच्या तोडीच्या असतात. म्हणून प्रथिनाचा स्फटिक तयार करून त्यावर क्ष-किरण सोडतात. स्फटिकातील अणूंच्या शिस्तबद्ध रांगांवरून ते विखुरतात आणि त्यांच्या लहरी एकमेकींत मिसळून ठिपक्यांची नक्षी उमटते. यालाच विवर्तन म्हणतात.

नक्षी मिळाली म्हणजे रचना मिळाली असे नव्हे. ठिपक्याच्या तेजावरून लहरीची उंची कळते. पण एका लहरीचा माथा दुसरीच्या मानाने कितपत पुढे वा मागे होता, हे त्यावरून कळत नाही. ही अडचण केंब्रिजच्या माक्स पेरुट्झ यांनी १९५३ मध्ये दूर केली. प्रथिनात पाऱ्यासारखे जड अणू बसवून नक्षीत पडलेल्या फरकावरून त्यांनी हरवलेली माहिती परत मिळविली. पुढे १९६२ मध्ये त्यांना आणि त्यांचे सहकारी जॉन केंड्र्यू यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तरीही या कामास किती धीर लागे ते ऑक्सफर्डच्या डोरोथी हॉजकिन यांच्या उदाहरणावरून दिसते. इन्सुलिनच्या स्फटिकाचे पहिले विवर्तन-छायाचित्र त्यांनी १९३५ मध्ये घेतले आणि त्याची रचना १९६९ मध्ये उलगडली. मध्ये चौतीस वर्षे गेली. ती उलगडणाऱ्या चमूत आपले मामन्नमना विजयन हेही होते.

अशा तपश्चर्येचे फळ म्हणजे शेवटी आकड्यांची एक यादी असते. रेणूतील प्रत्येक अणू अवकाशात कोठे आहे हे सांगणारे तीन आकडे, असे हजारो अणूंचे. ही यादी ज्याच्या हाती, त्यालाच पुढचे संशोधन सुलभ. मग तिच्यासाठी उमेदीची वर्षे खर्च केलेल्या माणसाने ती परक्यांच्या स्वाधीन का करावी? हा आक्षेप अगदीच स्वार्थी होता असे म्हणता येणार नाही. परंतु प्रत्येकाने आपली यादी पेटीत ठेवली असती, तर एक रचना दुसरीशी ताडून पाहणार कोण, आणि चुका तरी कशा उघडकीस येणार?

कोल्ड स्प्रिंग हार्बरला जमलेल्या मंडळींत, विशेषतः तरुण संशोधकांत, या विषयाची चर्चा झाली. त्याच बेटावरील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेचे वॉल्टर हॅमिल्टन यांनी या याद्यांची पेढी आपल्याकडे चालविण्याची तयारी दर्शविली, केंब्रिजच्या स्फटिकशास्त्रीय माहिती केंद्राचे सहकार्य मिळविले, आणि ऑक्टोबर १९७१ मध्ये ‘प्रोटीन डेटा बँक’ जाहीर झाली. भांडवल होते अवघ्या सात रचनांचे. हॅमिल्टन १९७३ मध्येच निवर्तले. पेढी मात्र चालू राहिली.

आरंभी ठेव ठेवणे ऐच्छिक होते, त्यामुळे भरणा मंद होता. पुढे स्फटिकशास्त्रज्ञांनी स्वतःच आग्रह धरला आणि १९८९ मध्ये त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघाने याविषयी मार्गदर्शक नियम केले. कालांतराने रचना पेढीत जमा केल्याखेरीज निबंध छापावयाचा नाही, असा प्रमुख नियतकालिकांचा दंडक झाला. २०२३ मध्ये या पेढीतील रचनांची संख्या दोन लाखांच्या पुढे गेली.

या ठेवीचे व्याज कोणाला मिळाले? एड्सच्या विषाणूतील एका प्रथिनाची रचना १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्याचे कार्य रोखणारे पहिले औषध १९९५ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. करोनाच्या साथीत, फेब्रुवारी २०२० च्या आरंभीच, त्या विषाणूच्या एका महत्त्वाच्या प्रथिनाची चिनी शास्त्रज्ञांनी उलगडलेली रचना सर्व जगासाठी खुली झाली. याच भांडारावर शिकविलेली ‘अल्फाफोल्ड’ ही संगणकप्रणाली प्रथिनाच्या घडीचे भाकीत करू लागली आणि २०२४ च्या नोबेल पारितोषिकात तिच्या कर्त्यांना वाटा मिळाला. पन्नास वर्षे हजारो हातांनी भरणा केला नसता, तर या यंत्राला शिकविणार कशावर?

या कार्यात भारताचा भागही अभिमानास्पद आहे. मद्रास विद्यापीठात गो. ना. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेला आलेख, प्रथिनाच्या साखळीला कोणती वळणे शक्य आणि कोणती अशक्य हे दाखवितो. पेढीत येणारी प्रथिनरचना आजही त्या कसोटीवर घासून पाहतात. ऑगस्ट २०१७ मध्ये स्फटिकशास्त्राची जागतिक परिषद हैदराबाद येथे भरली, तेव्हा आपल्या भूमीवर ती प्रथमच भरत होती.

खुल्या ज्ञानावर उभारलेली औषधे पुष्कळदा महाग असतात आणि गरिबाच्या घरी उशिरा पोचतात, हे दुःख शिल्लक आहेच. ते दूर करणे शास्त्रज्ञांच्या एकट्यांच्या हाती नाही. कायदा, शासन आणि लोकमत यांनाही आपला भार उचलावा लागेल. परंतु ज्ञानच कुलुपबंद असते तर औषधाच्या किमतीवर भांडण्याचीही वेळ आली नसती, कारण औषधच उशिरा निघाले असते. आज एखाद्या तालुक्याच्या महाविद्यालयातील विद्यार्थिनीने संगणक उघडला, तर हॉजकिनबाईंना चौतीस वर्षे चकविणारे इन्सुलिन तिला क्षणात, एक पैही न देता, पडद्यावर फिरविता येते. या पेढीत कोणाचेही खाते नाही. तेथील ठेव मात्र प्रत्येकाची आहे.