किंमत मुठीत की धारेत?

ट्रेक आणि कॅम्प जवळ आले की आमच्या हॉस्टेलमध्ये घडीच्या चाकूचा विषय निघतोच. हल्ली कंपन्या रोजच्या वापराचा एकच लोकप्रिय चाकू दोन रूपांत विकतात. साध्याला प्लास्टिकची किंवा लाकडाची मूठ असते. ‘प्रीमियम’ला टायटॅनियम किंवा कार्बन फायबरची मूठ आणि पावडर स्टीलचे पाते असते, किंमत मात्र कितीतरी पट. मुलाच्या वाढदिवसाला यातला कोणता घ्यावा, असा प्रश्न पालकांना पडतो. माझे मत स्पष्ट आहे: महाग धातूने काम सुधारत असेल तर तो जरूर घ्यावा, नुसती शोभा वाढत असेल तर कॅडेटला साधा चाकू पुरेसा आहे.

सैनिकाच्या चाकूचा इतिहास हेच सांगतो. स्विस सैन्याने १८८९ ची नवी रायफल घेतली. ती खोलायला स्क्रू-ड्रायव्हर हवा होता आणि जेवणाचे डबे उघडायला ओपनर. म्हणून पाते, आरी, ओपनर आणि स्क्रू-ड्रायव्हर असलेला, लाकडी मुठीचा चाकू निघाला. कार्ल एल्सनर यांनी १८९१ पासून तो सैन्याला पुरवला. १८९७ मध्ये त्यांनीच अधिकाऱ्यांसाठी हलका आणि देखणा चाकू काढला. सैन्याने तो अधिकृतपणे दिला नाही, अधिकाऱ्यांनी स्वतःच्या पैशाने घेतला. पण त्यात छोटे पाते आणि कॉर्कस्क्रू वाढले होते. जास्त पैशाला जास्त काम मिळत होते.

आपल्याकडचा अडकित्ता पाहा. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात नक्षीदार अडकित्ते आहेत. पितळी अडकित्त्याच्या दांड्यांवर कारागीर मोर, पोपट घडवायचा, पण सुपारी फोडणारे पाते लोखंडाचेच बसवायचा. पितळेची धार टिकत नाही, हे त्याला ठाऊक होते.

आमचे घर भिलाईच्या स्मृति नगरात आहे, त्यामुळे पोलादाच्या गप्पा लहानपणापासून कानांवर पडतात. २०२२ मध्ये नौदलात दाखल झालेल्या ‘विक्रांत’साठी सेलने सुमारे ३०,००० टन खास पोलाद पुरवले. त्यात भिलाईचाही वाटा आहे. जहाजाला वेल्डिंग नीट होणारे आणि आघात सोसणारे पोलाद लागते, म्हणून ते घडवले गेले. याच कारखान्यात रेल्वेचे रूळही तयार होतात. त्यांना झीज सोसणारे, वेगळे पोलाद लागते. रुळाचे पोलाद म्हणून कमी प्रतीचे ठरत नाही. काम ठरले की धातू ठरतो.

हाच न्याय चाकूला लावू या. टायटॅनियम पोलादापेक्षा बराच हलका असतो आणि गंजत नाही. लांबच्या ट्रेकला किंवा समुद्राजवळ त्याचा खरा उपयोग आहे. पावडर स्टीलची धार जास्त दिवस टिकते, पण बोथट झाली की साध्या दगडावर परत आणायला फार वेळ लागतो. कॅम्पमध्ये उस्तादांकडे दगड साधाच असतो आणि आम्ही कापतो ते दोरी, बांबू आणि कांदे.

काही जण म्हणतात, महाग वस्तू माणूस जास्त जपतो. मला वाटते, जपणे हे सवयीवर आहे. माझ्या आजोबांचा चाकू साध्या पोलादाचा, लाकडी मुठीचा आहे. प्रत्येक वापरानंतर ते तो पुसून तेलाचे बोट फिरवतात. धार लावून लावून पाते अरुंद झाले आहे, पण गंजाचा ठिपका नाही. उलट महाग चाकू ओरखड्याच्या भीतीने पेटीतच राहतो. मित्राने दोरी कापायला मागितला तर देताना हात आखडतो. एकाच युनिफॉर्ममध्ये राहणाऱ्या मुलांमध्ये हा आखडलेला हात मला जास्त खटकतो.

पालकांना माझी विनंती आहे: चांगल्या पात्याचा साधा चाकू घ्या आणि उरलेल्या पैशांतून धार लावायचा दगड. मग सुट्टीत एक दुपार काढून मुलाला धार लावायला शिकवा. तुम्हाला येत नसेल, तर घरातल्या आजी-आजोबांना विचारा. त्यांना नक्की येत असेल.