क्रीडांगण थोडें अपुरें राहूं द्या

क्रीडांगण म्हटलें कीं आज आपल्या डोळ्यांपुढें एक ठराविक चित्र उभें राहतें. सपाट केलेली जमीन, तीवर सिमेंटच्या लाद्या किंवा रबराचें आच्छादन, एका बाजूस घसरगुंडी, दुसऱ्या बाजूस दोन झोके आणि भोंवतीं रंगविलेलें कुंपण. हें सर्व स्वच्छ व नीटनेटकें असतें आणि छायाचित्रांत शोभूनहि दिसतें. परंतु अशा जागेंत मुलास स्वतः करण्याजोगें काय उरलें आहे, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं. घसरगुंडीवर चढावें आणि खालीं यावें, झोक्यावर बसावें आणि उतरावें. आठ दिवसांत त्यांतील नवलाई सरते. मग तेंच मूल शेजारीं चाललेल्या बांधकामाच्या वाळूच्या ढिगाकडे धांव घेतें, आणि आपण त्यास रागें भरून परत आणतों. माझें म्हणणें असें कीं, येथें मुलाची निवड बरोबर असते व आपली रचना चुकलेली असते. लहान मुलांची खेळण्याची जागा माती, पाणी, झाडें व सुट्या वस्तु यांची असावी, आणि ती मोठ्यांनीं पुरी करून न देतां थोडी अपुरीच ठेवावी.

ज्यांचा व्यवसायच उद्यानें व क्रीडांगणें रचण्याचा, अशा एका गृहस्थांच्या ध्यानांत ही गोष्ट फार पूर्वीं आली होती. डेन्मार्कमधील कार्ल थिओडोर सोरेन्सेन हे ते गृहस्थ. आपण कौशल्यानें आंखलेल्या क्रीडांगणांपेक्षां मुलें पडक्या जागेंत व अर्धवट बांधकामांत अधिक रमतात, असें त्यांनीं पाहिलें, आणि १९३१ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकांत टाकाऊ सामानाचें क्रीडांगण करून पाहावें अशी सूचना मांडली. ती सूचना १९४३ सालीं, तो देश जर्मन सैन्याच्या ताब्यांत असतां, कोपनहेगनजवळील एम्ड्रुप या वसाहतींत प्रत्यक्षांत आली. भोंवतीं मातीचा बांध, आंत फळ्या, विटा व फावडीं, आणि देखरेखीस एक समंजस प्रौढ मनुष्य, एवढाच काय तो सरंजाम. मुलांनीं तेथें खड्डे खणले, खोपटीं उभारलीं, मोडलीं व पुन्हा नवीं रचलीं. युद्ध संपल्यावर १९४६ सालीं इंग्लंडमधील उद्यानरचनाकार लेडी ॲलन ऑफ हर्टवुड यांनीं ती जागा पाहिली, आणि त्यांच्या खटपटीमुळें लंडनमध्यें बाँबवर्षावानें उजाड झालेल्या जागांवर तशीं क्रीडांगणें उभीं राहिलीं.

हा विचार आपणांस परका वाटण्याचें कारण नाहीं. महाराष्ट्रांत दिवाळीच्या सुट्टींत मुलें अंगणांत जो मातीचा किल्ला करितात, तो याहून वेगळा काय आहे? दगड, विटा, जुनें गोणपाट व ओली माती एवढ्यावर सारें काम चालतें. बुरूज ढासळला तर तो कां ढासळला, हें मुलानें स्वतःच शोधावयाचें. उतारावर मोहरी किंवा अळीव पेरून, पाणी शिंपीत, अंकुराची वाट पाहावयाची. पायथ्याचें तळें गळूं नये म्हणून कांहीं युक्ति काढावयाची. आतां बाजारांत तयार रंगविलेले किल्ले विकत मिळतात. ते दिसण्यांत सुबक असतात खरे. पण ते घरीं आणल्यावर मुलानें करावयाचें काय, तर मावळे मांडावयाचे! जी गोष्ट किल्ल्याची, तीच क्रीडांगणाची.

शिक्षणाच्या क्षेत्रांतहि आपल्याकडे या विचाराची परंपरा आहे. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलें. पुढें १९५७ सालीं तें कोसबाडच्या टेकडीवर गेलें. त्यांस व त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांस असें आढळलें कीं, आदिवासी मुलें गुरें राखण्यास जातात, म्हणून शाळेंत येऊं शकत नाहींत. तेव्हां शाळाच कुरणावर नेण्यांत आली, आणि ‘कुरणशाळा’ हें सुंदर नांव मराठीस मिळालें. खडे, शिंपले, पानें व बिया हीं तेथील शिक्षणाचीं साधनें होतीं.

अलीकडे शास्त्रज्ञांनींहि या बाबतींत काळजीपूर्वक पाहणी केली आहे. फिनलंडमध्यें कांहीं शिशुशाळांच्या उघड्याबोडक्या अंगणांत रानांतील जमिनीचा थर व हिरवळ आणून पसरण्यांत आली आणि तीन ते पांच वर्षांच्या मुलांस तेथें रोज खेळूं दिलें. २८ दिवसांत त्या मुलांच्या त्वचेवरील सूक्ष्म जीवांचें वैविध्य वाढलें व रक्तांतील प्रतिकारव्यवस्थेच्या खुणांतहि इष्ट बदल दिसला, असें २०२० सालीं प्रसिद्ध झालें. ही पाहणी अवघ्या ७५ मुलांची होती. तीवरून फार मोठें अनुमान काढूं नये. तथापि मातीचा स्पर्श म्हणजे रोगास आमंत्रण, या समजुतीचा फेरविचार करण्यास ती पुरेशी आहे. चीनमधील ग्वांगझौ शहरांत १२ प्राथमिक शाळा निवडून त्यांपैकीं निम्म्या शाळांतील मुलांस रोज ४० मिनिटें अधिक वेळ उघड्यावर काढावयास लाविलें. तीन वर्षांनंतर, इतर शाळांत शेंकडा ३९.५ मुलांस नव्यानें ऱ्हस्वदृष्टि जडली होती. या शाळांत तें प्रमाण शेंकडा ३०.४ होतें. चष्म्याची वाढती संख्या पाहून हळहळणाऱ्या पालकांनीं २०१५ सालीं प्रसिद्ध झालेले हे आंकडे ध्यानांत ठेवावे.

आतां पालकांच्या मनांतील भीतीचा विचार करूं. मूल पडेल, कपडे मळतील, विंचूकिरडूं चावेल, ही चिंता आईबापांस वाटावी हें स्वाभाविक आहे. परंतु धोके दोन प्रकारचे असतात. एक मुलास दिसणारे व दुसरे न दिसणारे. पेरूच्या फांदीची उंची मुलास दिसते. तें पाय टेकून पाहतें, फांदी हालवून पाहतें, आणि बहुधा झेपेल तितकेंच वर जातें. असा धोका पत्करण्यानेंच शरीरास तोल येतो व मनास अंदाज येतो. उलट कुजलेली फांदी, फळीस राहिलेला गंजका खिळा, गवतांत पडलेली कांच, उघडी पडलेली विजेची तार, हे धोके मुलास कळत नाहींत. ते हुडकून काढणें हें मोठ्यांचें कर्तव्य होय. आपण मात्र पुष्कळदां पहिल्या धोक्यापायीं झाड तोडतों, आणि दुसऱ्याकडे आपलें लक्षहि जात नाहीं.

अशी जागा करण्यास फार खर्च लागतो असेंहि नाहीं. शाळेच्या मैदानाचा एक कोपरा, शक्यतों झाडाच्या सावलींतला, पुरेसा आहे. एका बाजूस खणून निघालेल्या मातीचा दुसऱ्या बाजूस उंचवटा करावा व त्यावर हरळी लावावी. चढण्यास व गडगडत खालीं येण्यास याहून चांगलें साधन नाहीं. खड्ड्यांत वाळू भरावी. रात्रीं तीवर झांकण घालावें, म्हणजे कुत्रीं-मांजरें ती घाण करणार नाहींत. नळापासून उताराची उथळ पन्हळ न्यावी. मुलें तिला बांध घालतील आणि फोडतीलहि. मात्र तिचें पाणी शेवटीं झाडांच्या आळ्यांत जिरावें, कोठेंहि सांचूं नये. कारण सांचलेल्या पाण्यांत आठवडा-दहा दिवसांत डांस तयार होतात. वड, चिंच, जांभूळ, पेरू हीं झाडें लावावीं. कण्हेर, बिट्टी व एरंड यांस तेथें थारा देऊं नये, कारण तीं विषारी आहेत. रुईचा चीकहि डोळ्यांस अपायकारक असतो. गवत वेळोवेळीं कापावें व अडगळ सांचूं देऊं नये, म्हणजे साप-विंचवांस आसरा मिळणार नाहीं. शेवटीं बांबूचे तुकडे, फळ्या, गोणपाट, करवंट्या अशा सुट्या वस्तु एका पेटींत ठेवाव्या. हालविण्या-बदलण्याजोग्या वस्तु जितक्या अधिक, तितका कल्पकतेस वाव अधिक, असा विचार इंग्रज कलावंत सायमन निकोल्सन यांनीं १९७१ सालीं मांडला होता. शिक्षकांनीं जवळ असावें, पण खेळ शिकवूं नये.

कोणी म्हणेल, मग क्रिकेट व कबड्डी यांचें काय? त्यांस सपाट मैदान हवेंच, व तें असावेंच. परंतु संघांत ज्यांची निवड होत नाहीं, जीं मुलें लहान, अशक्त वा लाजाळू आहेत, तीं मैदानाच्या कडेस उभीं राहून दुसऱ्यांचा खेळ पाहतात. त्यांच्यासाठींहि शाळेंत चार हात जागा नको काय? २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें प्रत्येक शाळेस क्रीडांगण असावें असें ठरविलें आहे. पण तें फरसबंद असावें असें त्यांत कोठेंहि म्हटलेलें नाहीं.

म्हणून पालकवर्गास नम्र विनंति आहे कीं, शाळेंतून मूल मळलेल्या कपड्यांनीं घरीं आलें तर प्रथम त्यानें आज काय केलें तें विचारावें. कपडे मागाहून धुतां येतात. विद्यार्थिमित्रांसहि एक सांगणें आहे. येत्या पावसाळ्यांत शाळेच्या मोकळ्या कोपऱ्यांत एक तरी झाड लावा आणि तें जगवा. त्याच्या फांद्या चढण्याजोग्या होतील तोंवर तुम्ही शाळा सोडून गेलां असाल. पण तुमच्या मागून येणारीं मुलें त्यावर चढतील, आणि त्यांच्यासाठीं तेवढें तरी आपण करावयास हवें.