वसतिगृहालाही सुभेदार हवेत

एखादा कॅडेट सकाळच्या फॉल-इनला दिसला नाही, तर पाच मिनिटांत हाऊसमास्टरांना कळतं आणि थोड्याच वेळात मेट्रन थर्मामीटर घेऊन त्याच्या पलंगापाशी येतात. या पहाऱ्याला आपण कंटाळतो. पण आपण सगळेच काही एनडीएला जाणार नाही. बरेच जण दिल्लीतल्या एखाद्या विद्यापीठात जातील. तिथे फॉल-इन नाही आणि मेट्रनही नाहीत. मग कोण असतं?

जेएनयूच्या वसतिगृहांना नद्यांची नावं आहेत. त्यांत गोदावरी, कोयना, चंद्रभागा वाचून घरच्यासारखं वाटतं. आयआयटी दिल्लीत अरवली, निलगिरी, सातपुडा असे डोंगर आहेत. दोन्हीकडे वॉर्डन म्हणजे प्राध्यापकच. स्वतःचे तास, संशोधन, पेपर तपासणं हे सगळं सांभाळून ते शेकडो मुलांचे पालक होतात. केअरटेकरकडे किल्ल्या, नळ, दिवे. मेसमध्ये स्वयंपाकी आणि वाढपी, गेटवर गार्ड. 'हा मुलगा दोन दिवस जेवायला आला नाही' हे बघणं मात्र कोणाच्याच कामात धरलेलं नसतं.

माझी ताई दिल्लीतल्या एका वसतिगृहात राहते. गेल्या वर्षी ती तापाने तीन दिवस खोलीत पडून होती. ऑफिसला पत्ताच नव्हता. लक्षात आलं ते मेसमधल्या भैयांच्या, कारण रोज जादा दही मागणारी मुलगी दिसेना. त्यांनी तिच्या मैत्रिणीला विचारलं आणि तिच्यासाठी मूगडाळीची खिचडी करून पाठवली. दोन महिन्यांनी मेसचं कंत्राट बदललं आणि ते भैया गेले. कोणाच्या चेहऱ्यावर काय दिसतं याची त्यांची माहितीही त्यांच्याबरोबरच गेली.

हा विषय तापापुरता नाही. २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ यांच्यासारखी किमान एक प्रशिक्षित व्यक्ती हवी. शिवाय शिकवणाऱ्या आणि न शिकवणाऱ्या सर्व कर्मचाऱ्यांना धोक्याची चिन्हं ओळखण्याचं प्रशिक्षण वर्षातून दोनदा द्यायचं आहे. मला हा दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो. समुपदेशक खोलीत बसून वाट बघतात, आणि ज्याचं मन खचलंय तो नेमका त्या खोलीपर्यंत जात नाही. मेसच्या खिडकीपाशी मात्र तो रोज येतो, किंवा यायचा थांबतो.

पण भैयांना चिन्हं ओळखता आली तरी त्यांनी सांगायचं कोणाला? वॉर्डन लेक्चरला असतात. इथे मला फौजेची व्यवस्था आठवते. अधिकारी आणि जवान यांच्यामध्ये सुभेदारसाहेब असतात. कोणाच्या घरून पत्र आलं नाही, कोण रात्री झोपत नाही, हे त्यांना माहीत असतं. विद्यापीठाच्या वसतिगृहात ही मधली पायरीच नाही. तिथेच राहणारी, पूर्णवेळ, मार्क देण्याचा किंवा नाव काढून टाकण्याचा अधिकार नसलेली एक व्यक्ती हवी. अधिकार नसला तरच मुलं तिच्याशी मोकळं बोलतील.

कोणी म्हणेल, ती मुलं सज्ञान आहेत, त्यांना पहारा नको. बरोबर आहे. २०१५ मध्ये दिल्लीतल्या विद्यार्थिनींनी 'पिंजरा तोड' मोहीम काढली ती वसतिगृहाच्या कर्फ्यूविरुद्ध. त्यांचा राग गेटला लागणाऱ्या कुलपावर होता. 'जेवलीस का?' असं विचारण्यावर कोणी मोर्चा काढत नाही. रजिस्टरमध्ये येण्याजाण्याची वेळ लिहिली म्हणजे चौकशी झाली, असं समजणाऱ्यांना हा फरक कधी कळणार कोण जाणे.

माणसं शोधायला लांब जायला नको. निवृत्त जेसीओ आज कितीतरी सोसायट्यांच्या आणि कंपन्यांच्या गेटवर सिक्युरिटी सुपरवायझर म्हणून बसलेले दिसतात. त्यांना प्रशिक्षण देऊन गेटवरून आत बोलवा. मुलींच्या वसतिगृहांसाठी मिलिटरी हॉस्पिटलमधून निवृत्त झालेल्या सिस्टर आहेतच.