औदार्य कोणाच्या खर्चाने?

गेली काही वर्षे पदवीच्या वर्गाला 'स्मृतिचित्रे' शिकवत आहे. रेव्हरंड टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे, समोर आलेल्या गरजवंताला नाही म्हणणे त्यांना जमत नसे, हे प्रसंग आले की वर्गात हमखास हशा पिकतो. लक्ष्मीबाईंची सांगण्याची धाटणीच तशी आहे. मात्र एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, मग त्या दिवशी घरात चूल कशावर पेटली?" वर्ग पुन्हा हसला. मला हसता आले नाही. इतकी वर्षे हे पुस्तक शिकवूनही हा प्रश्न मला कधी पडला नव्हता, याची लाज वाटली.

नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी ख्रिस्ती संन्यासाची वाट धरली आणि 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली. १९१९ साली ते गेले. त्यांच्या या प्रवासाचे वर्णन आपल्याकडे 'निःस्वार्थी', 'फकिरी वृत्तीचा' अशा विशेषणांनी केले जाते आणि ते खोटे नाही. परंतु १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रां'तील विनोदाला आपण केवळ 'प्रसन्न' म्हणतो, तेव्हा त्या विनोदाने काय नोंदवून ठेवले आहे हे आपल्या नजरेतून सुटते. तो एका औदार्याचा जमाखर्च आहे. देणाऱ्याचे नाव एका बाजूला आहे. दिले गेल्यावर जे उरले त्यात घर चालवणारी दुसऱ्या बाजूला आहे.

येथे मूळ ख्रिस्ती शिकवणीकडे वळणे आवश्यक वाटते. औदार्याचा आदर्श म्हणून मार्काच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायातील गरीब विधवा नेहमी पुढे केली जाते. श्रीमंतांनी मंदिराच्या भांडारात पुष्कळ टाकले आणि तिने दोन टोल्या टाकल्या. तरी सर्वांत अधिक तिनेच टाकले, असे येशू शिष्यांना सांगतो, कारण इतरांनी विपुलतेतून दिले आणि तिने उपजीविकाच दिली. प्रवचनांतून हा प्रसंग येथेच संपतो. पण या प्रसंगाच्या लगेच आधी विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांवर येशूने कडक ताशेरे ओढले आहेत, आणि लगेच नंतर त्या मंदिराचा दगडावर दगड राहणार नाही असे भाकीत केले आहे. या संदर्भाकडे बोट दाखवून ॲडिसन राइट या अभ्यासकाने १९८२ साली असा प्रश्न केला की, येशूचे हे बोलणे स्तुती आहे की विलाप? ही उपपत्ती सर्वांना मान्य नाही. मलाही वाटते की त्या बोलण्यात दोन्ही आहे. पण तो प्रश्न एकदा ऐकला की दानपेटीत पडलेल्या नाण्याबरोबर तिचे रिकामे घरही दिसू लागते.

ख्रिस्ती विचारात स्वार्थ म्हणजे केवळ साठवण नव्हे. पौल करिंथकरांना लिहितो की, आपले सर्वस्व वाटून टाकले तरी प्रीती नसेल तर त्याचा काही लाभ नाही. हे विधान दचकवणारे आहे. सर्वस्व देऊनही 'मी' शाबूत राहू शकतो, किंबहुना देण्यावरच तो पोसला जाऊ शकतो, ही शक्यता पौलाने गृहीत धरली आहे. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, या येशूच्या सूचनेचा रोखही तिकडेच आहे. टिळकांनी लौकिकासाठी दिले, असे त्यांचा शत्रूही म्हणणार नाही. पण देताना 'हे माझे आहे' असे त्यांनी मानले, आणि ते एकट्याचे नव्हते. त्या पैशावर आणखी एका माणसाचा हक्क होता आणि तिला कोणी विचारले नव्हते.

उलट लक्ष्मीबाईंनी काय दिले? पतीच्या धर्मांतरानंतर त्यांनी वियोगाची वर्षे काढली. पुन्हा एकत्र राहू लागल्यावरही त्यांनी आपले सोवळे सांभाळले. पुढे स्वतःच्याच विचाराने, स्वतःच्या बाप्तिस्म्याआधीच, त्यांनी जातिभेद मनातून काढून टाकला. ज्या काळात सोवळे हीच बाईची प्रतिष्ठा होती, आधार होता, त्या काळात ते सोडणे हे माझ्या मते त्या घरातील सर्वांत मोठे दान होते. तो दुसऱ्याच्या वाट्यातला तांदूळ नव्हता. तो त्यांचा स्वतःचा 'मी' होता. ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केले असे फिलिप्पैकरांस पत्रात म्हटले आहे, त्याचा अर्थ समजावून सांगताना मला या प्रसंगाहून चांगले मराठी उदाहरण सुचत नाही. नंतर त्या घरात पोरकी मुले आली, त्यांना जेवूखाऊ घालणारे, त्यांची आजारपणे काढणारे हात लक्ष्मीबाईंचे होते. टिळकांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले, त्याचा बहुतांश भागही त्यांनीच रचला.

यावर आक्षेप येईल की, संताला संसाराच्या तराजूत तोलू नये. प्रत्येकाने आधी घरात विचारायचे ठरवले असते तर जगात त्याग झालाच नसता. आक्षेपात तथ्य आहे. हिशेबी औदार्य हे बहुधा औदार्य नसते. परंतु याचे उत्तर पौलानेच देऊन ठेवले आहे. यरुशलेमच्या गरिबांसाठी निधी गोळा करताना करिंथकरांना पाठवलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात तो स्पष्ट करतो की, इतरांना आराम आणि तुम्हांला ओझे असा त्याचा हेतू नाही. त्याला समानता हवी आहे. ओझे एकाच्या खांद्यावरून उचलून, न विचारता, दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवणे हे त्या समानतेत बसत नाही. मग ठेवणारा कितीही मोठा कवी असो.

हे सारे मी टिळकांविषयी लिहीत असलो तरी त्या मुलीचा प्रश्न मला झोंबला तो वेगळ्या कारणाने. विद्यार्थ्यांसाठी, चर्चासत्रांसाठी, कोणाच्या तरी पुस्तकाच्या प्रस्तावनेसाठी मी माझा वेळ उदारपणे देत आलो आणि त्याचे कौतुकही ऐकत आलो. तो वेळ कोठून येत होता, संध्याकाळी घरी माझ्या आईच्या औषधांकडे कोण पाहत होते, हे मी कधी मोजले नव्हते. तो वेळ माझ्या पत्नीचा होता आणि दाता म्हणून नाव माझे लागत होते.

आता वर्गात ती प्रकरणे आली की मी हशा थांबेपर्यंत वाट पाहतो आणि त्या विद्यार्थिनीचा प्रश्न मीच विचारतो.